डाव्या बाजूची कोर

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे खांबेटेकाका एका ब्रेडच्या स्लाइसवर चिडले होते. ती स्लाइस त्यांच्या गॅरेजमध्ये एका काचेच्या बरणीत, ओल्या टिश्यूवर ठेवलेली होती आणि काही केल्या तिला बुरशी येत नव्हती. ब्रेडला बुरशी आली म्हणून माणसं वैतागतात. काका येत नाही म्हणून वैतागले होते आणि येता-जाता बरणीशी भांडत होते. मी एकदा कामावर निघाले असताना त्यांनी मला ड्राइव्हवेमध्येच अडवलं.

"बघ हिच्याकडे. इतके दिवस झाले, एक ठिपका नाही. बुरशीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते आपण पोरांच्या डब्यात देतो. हे अन्न आहे का मेघना?"

माझ्या मुलीच्या, ईराच्या डब्यात त्या दिवशी तोच ब्रेड होता. मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

हा सगळा प्रकार सुरू झाला होता तो गल्लीतल्या एका मुलाच्या होमवर्कमुळे. प्रश्न होता, ब्रेडला बुरशी का येते? कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं, की ओलाव्यामुळे आणि हवेतल्या सूक्ष्म बीजाणूंमुळे. लिही आणि जेवायला ये. काका तसं सांगत नाहीत. प्राथमिक शाळेतल्या मुलांना विज्ञानाच्या अभ्यासात मदत करणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे आणि मदत म्हणजे काय, तर उत्तर न देणं. मूल प्रश्न घेऊन आलं की ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "हे तू पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलं असेल तर पाहून ये. पाहिलं असेल तर पुन्हा पाहून ये. बिचारं पोर पाच मिनिटांचं काम घेऊन येतं आणि महिनाभर अडकतं.

काका मूळचे मिरजेचे. इथे परदेशात येऊन टौरंगा शहराच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून त्यांनी उभी हयात काढली. मी त्याच डिस्पेन्सरीत नवीन लागले तेव्हा ते माझे सिनिअर होते. तिथे असा नियम आहे, की एकाने औषध काढायचं आणि दुसऱ्याने ते तपासायचं, मगच ते पेशंटकडे जायचं. हा नियम बाकीचे पाळायचे, काका त्याची पूजा करायचे. गोळी तळहातावर घेऊन तिच्यावरचा आकडा वाचल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. वॉर्डमधून फोनवर फोन यायचे, आम्ही घायकुतीला यायचो आणि काका शांतपणे गोळी उजेडात धरून उभे असायचे. "बाटलीवर लिहिलंय ते ऐकलेलं झालं," ते म्हणायचे. "आत काय आहे ते पाहू दे मला."

पुढे आम्ही त्यांच्या शेजारचंच घर घेतलं. काकांच्या पत्नी, कुमुदकाकू, तेव्हा होत्या. त्या गेल्यावर काका महिनोन्‌महिने कुणाकडे आले-गेले नाहीत. मग एका शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजचा दरवाजा वर गेला आणि आत गाडीऐवजी एक लांब टेबल दिसलं. तेव्हापासून गल्लीतली पोरं दर शनिवारी तिथे असतात. मराठी पोरं असतात, पंजाबी असतात, समोरच्या घरातली दोन गोरी पोरंही असतात. काका ऐन जुलैच्या थंडीत अर्ध्या चड्डीत आणि लोकरी टोपीत, पायात मोजे आणि त्यावर जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून मधोमध उभे असतात. टेबलावर उगवती घेवड्याची रोपं, गंजणारे खिळे, व्हिनेगरमध्ये बुडवलेली अंडी. आमची ईरा तेव्हा आठ वर्षांची होती आणि शनिवारी सकाळी मी तिला उठवायला जायचे तर ती आधीच कुंपणातल्या फटीतून पसार झालेली असायची.

या गॅरेजचा आम्हा आई-बापांना काय ताप झाला, हे कुणी विचारत नाही.

शाळेच्या एका वर्कशीटवर होतं, 'रोपांना वाढण्यासाठी रिकामी जागा, रिकामी जागा आणि रिकामी जागा लागते.' पाणी, हवा, उजेड. बालवाडीतलं पोरही सांगेल. काकांनी ती वर्कशीट बघितली आणि त्यांचा पारा चढला. "गाळलेल्या जागा भरा? अरे, रोपाला कुणी विचारलंय का?" त्यांनी एक घेवडा खिडकीत ठेवला, एक कपाटात कोंडला आणि पोरांना बजावलं, की कपाट उघडेपर्यंत कुणी काही लिहायचं नाही. त्यातला एक इमानी मुलगा शाळेत कोरी वर्कशीट घेऊन गेला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "द बीन इज स्टिल डिसायडिंग." त्याची आई डॉक्टर. तिने मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गाठून सुनावलं, जणू काही काका माझेच वडील आहेत.

दुसऱ्या एका मुलाने आपला पडलेला दात कोलाच्या ग्लासात ठेवून ग्लास फ्रिजमध्ये ठेवला होता. तो त्याच्या आजोबांनी उचलला. त्या प्रकरणाबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही.

पण माझ्या श्रीखंडाबद्दल लिहिणार. आमचा गुढीपाडवा इथे पानगळीत येतो, किवीफ्रूटच्या तोडणीचा मोसम असतो आणि टौरंगात तेव्हा जो तो दिसेल त्याला किवीफ्रूटची पिशवी देत सुटतो. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणाला मी श्रीखंड करणार होते. आंब्याचं आम्रखंड होतं, तर किवीचं का होऊ नये, असं माझ्या मनात आलं. आदल्या संध्याकाळी मी चक्क्यात किवीचा गर फेटत होते तेव्हा काका मागच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "वा. उद्यापर्यंत ठेवणार का?" मी म्हटलं, हो, मुरायला नको का? ते म्हणाले, "मुरू दे की." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते श्रीखंड कडू झालं होतं. थोडंथोडकं नाही, कडुनिंबाची आठवण यावी इतकं. कच्च्या किवीत असं काही असतं, की ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि ती कडू होतात, हे मला भर पंगतीत कळलं. ते काकांना आधीपासून माहीत होतं. मी त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मग काल बोलला का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू विसरली असतीस," ते शांतपणे म्हणाले. "आता आयुष्यात विसरशील का?"

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. कारण त्या आठवड्यात ते आमच्यासारख्या समस्त पालकांवर चिडलेले होते. मुलाने 'इंद्रधनुष्य गोल का?' असं विचारल्यावर कुणी एक आई त्याच्या हातात फोन देताना त्यांना दिसली होती. "पोर भुकेलेलं येतं आणि तुम्ही त्याला मेन्यूकार्ड चघळायला देता," असं ते कुंपणावरून मला म्हणाले. त्या वाक्यातले 'तुम्ही' म्हणजे मीच होते, कारण कुंपणाच्या अलीकडे दुसरं कुणी नव्हतं.

तर असा हा माणूस. आता त्याने काय केलं ते ऐका.

मातारिकीच्या सुमारास, म्हणजे इथल्या माओरी नववर्षाच्या दिवसांत, शाळांमध्ये चंद्र-ताऱ्यांचा हंगाम असतो. ईराच्या वर्गाला काम मिळालं, की महिनाभर रोज, आधी संध्याकाळी आणि पौर्णिमेनंतर पहाटे, चंद्र बघायचा आणि एका मोठ्या कागदावर छापलेल्या गोलांमध्ये तो जसा दिसेल तसा रंगवायचा. ईराला हे काम फार आवडलं. अंधार पडायला लागला की ती माझी शाल गुंडाळून दाराबाहेरच्या लाकडी डेकवर जाऊन उभी राहायची. पावसाची सर आली तर दारात वाट बघायची. मी आतून ओरडायचे, "ईरा, पुरे आता, सर्दी होईल." ती म्हणायची, "आई, वन मिनिट, ढग जातोय." इथे जन्मलेली मुलं इंग्रजीच बोलतात, पण चंद्राच्या बाबतीत तिच्या तोंडून मधूनच मराठी यायचं.

पहिला आठवडा झाला तेव्हा तिने तो कागद काकांना दाखवायला गॅरेजमध्ये नेला. कागदावर अमावस्येनंतरची बारीक कोर होती, ती दिवसागणिक जाड होत गेली होती आणि तिची उजळ बाजू होती डावीकडे.

काका म्हणाले, "उलटा काढलायस."

"बट इट वॉज लाइक दॅट, काका."

"नाही बेटा. अमावस्येनंतर चंद्र उजवीकडून भरत जातो. पौर्णिमेपर्यंत उजवी बाजू, मग डावी. तुझ्याएवढा होतो तेव्हा गच्चीत बसून महिनाभर काढलाय मी. मी पाहिलंय." आणि त्यांनी तिला खोडरबर दिलं.

हे मला नंतर कळलं. तिने सगळे चंद्र खोडले आणि पुन्हा काढले. उरलेला महिनाभरही ती डेकवर जाऊन उभी राहत होती. डावीकडचा उजेड बघून आत येऊन तो उजवीकडे रंगवत होती आणि पौर्णिमेनंतर उजवीकडचा डावीकडे. काका म्हणाले होते ना. काका कधीच काही सांगत नाहीत आणि एकदा सांगितलं, तर ते चूक कसं असेल?

महिना संपला आणि वर्गात सगळ्यांचे कागद भिंतीवर लागले. सगळ्यांचे चंद्र एकीकडे आणि ईराचे दुसरीकडे. एक मुलगा म्हणाला, हिने इंटरनेटवरून कॉपी मारली, कारण उत्तरेकडच्या देशांतला चंद्र असा असतो. बाई चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, की नेक्स्ट टाइम, ईरा, खरोखर बाहेर जाऊन बघ हं.

खरोखर बाहेर जाऊन बघ. रोज थंडीत कुडकुडत उभ्या राहणाऱ्या माझ्या पोरीला हे ऐकावं लागलं. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "आई, आय डोंट थिंक आय ॲम गुड ॲट लुकिंग."

मी गाडी घरी आणली, तिला टीव्हीसमोर बसवलं आणि अंधारून येताच डेकवर गेले. नवी कोर दिसत होती. डावीकडून उजळलेली. माझ्या डोळ्यांसमोर ढळढळीत. मी चपला घातल्या आणि शेजारी गेले.

गॅरेजचा दरवाजा खाली ओढलेला होता, मी बाजूच्या दाराने शिरले. काका टेबल पुसत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. शाळा, भिंत, बाई आणि गाडीतलं ते वाक्य. ते ऐकून घेतील, ओशाळतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "चंद्र एकच आहे मेघना. मिरजेला वेगळा आणि टौरंगाला वेगळा, असं नसतं."

"चंद्र एकच आहे. आपण उलटे उभे आहोत," मी म्हटलं. "आम्ही घर घेतलं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत ना, की इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या खिडक्या बघून घ्या? सूर्य तिकडून जातो, तर चंद्र कुठून जाईल? तिकडे आपण दक्षिणेकडे तोंड करून त्याला बघायचो, इथे उत्तरेकडे करून बघतो. डावं-उजवं बदलणार नाही का?"

ते टेबल पुसत राहिले. मला आणखी चेव चढला.

"डिस्पेन्सरीत गोळी हातात घेऊन बघितल्याशिवाय सही नाही केलीत कधी. आम्हाला ताटकळत ठेवलंत. आणि माझ्या मुलीने पाहिलेलं, तुम्ही न बघता खोडायला लावलंत. तुम्ही. बाकी कुणी केलं असतं ना काका, तर मला एवढा संताप आला नसता."

"मी पाहिलेलं होतं," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"साठ वर्षांपूर्वी, मिरजेत. या बाहेर. आत्ता दिसतोय, चार पावलांवर आहे."

"नको."

"का नको?"

"थंडी आहे बाहेर."

हे तो माणूस म्हणत होता ज्याने भर पावसात पोरांकडून डबक्यांची खोली मोजून घेतली होती. मी दार आपटून घरी आले. त्या रात्री जेवताना मी काकांबद्दल जे काही बोलले ते माझ्या नवऱ्याला आपल्यालाच बोलल्यासारखं वाटलं आणि त्याने मुकाट्याने भांडी घासली.

त्या शनिवारी गॅरेज उघडलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. पोरं येऊन दरवाजा वाजवून गेली. ईरा गेलीच नाही. ती सोफ्यावर टॅबलेट घेऊन बसायची. प्रश्न पडला की त्याला विचारायची, तो सांगेल ते लिहायची आणि होमवर्क अर्ध्या वेळात संपायचं. मला खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. फ्रिजमध्ये दात नाहीत, कपाटात घेवडा नाही. पण एका दुपारी ती खिडकीशी उभी होती, काचेवरून पाणी ओघळत होतं आणि तिने मला विचारलं, "आई, इज इट रेनिंग?"

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली. मला रडायला आलं आणि त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला, की काय करू सुचेना. एका खोडरबराने माझ्या मुलीचे डोळेच खोडून टाकले होते त्याने.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, आमची बेल वाजली. दारात काका उभे. कानटोपी, मफलर, जाड कोट आणि चक्क फुल पँट. शेजारच्या घरातून आमच्या दारापर्यंत यायला त्यांनी केवढी तयारी केली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ईराला थोडा वेळ आहे का? मला चंद्र बघायचाय. तिने दाखवला तर."

मी दारातून बाजूला झाले. ईराने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मग जँडल्स घालून डेकवर गेली. तिच्या मागोमाग काका. त्यांच्या मागे मी, कारण मला त्यांच्यावर नजर ठेवायची होती.

समोरच्या छपराच्या वर, फिजोआच्या झाडाच्या शेंड्याजवळ चंद्र होता. अर्ध्याहून मोठा. ईराने नुसतं बोट दाखवलं. तिला आता चंद्राबद्दल काही बोलायची इच्छा नव्हती. काका रेलिंगला धरून उभे राहिले. चष्मा काढला, मफलरने पुसला, पुन्हा घातला. पुन्हा बघितलं.

"डावी बाजू," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "ईरा, मी न बघता सांगितलं तुला. तू पाहिलं होतंस आणि मी तुला ते खोडायला लावलं. माझं चुकलं बेटा. सॉरी."

मोठ्या माणसाने सॉरी म्हटल्यावर लहान मुलांची जी पंचाईत होते ती तिची झाली. ती जँडलने डेकवर रेघा ओढत राहिली.

"पण मी मिरजेला पाहिला तोही खोटा नव्हता," काका म्हणाले. "तो उजवीकडेच होता. हे मला काही केल्या समजत नाही. तूच बघून सांग."

मला वाटलं, आता ते समजत नसल्याचं सोंग करताहेत. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर सोंग नव्हतं. मी त्या दिवशी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, पण ते त्यांच्यासाठी नुसतं ऐकलेलं होतं.

ईराने खांदे उडवले. मग चंद्राकडे बघितलं. मान वाकडी केली. आणखी वाकडी केली. मग जाऊन बाकावर उताणी आडवी झाली आणि डोकं बाकाच्या कडेवरून खाली लोंबकळत सोडलं. तिचे केस डेकवर पसरले.

"काका," ती म्हणाली, "फ्रॉम हिअर इट्स ऑन द राइट. धिस इज युअर वन."

"खरंच?"

"कम अँड सी."

सत्तरी ओलांडलेला माणूस बाकावर उलटा झोपणार नाही, एवढी अक्कल काकांना होती. त्यांनी चंद्राकडे पाठ केली, दोन्ही हातांनी बाक धरला आणि वाकून पायांमधून मागे बघायला लागले. कानटोपी पडली. मी त्यांचा कोट धरून ठेवला, कारण ते कोसळले असते तर अँब्युलन्सला सांगायचं काय, हा माझ्यापुढे प्रश्न होता. माझा राग तेव्हाही गेला नव्हता. पण कोट सोडता येईना.

"हा माझा," ते तसेच वाकलेले म्हणाले. "अगदी हाच."

"यू वेअर अपसाइड डाउन, काका. ऑर वी आर."

"कोण ते कोण ठरवणार?" असं म्हणत ते कण्हत-कुथत सरळ झाले. ईरा बाकावरून उतरली, पुन्हा सरळ बघितलं, पुन्हा उलटं बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. ती एकदम खूप बोलायला लागली, की ऑस्ट्रेलियात कसा दिसत असेल, मधोमध राहणाऱ्या लोकांना आडवा दिसत असेल का. काका एका शब्दाने उत्तर देत नव्हते. मला बरं वाटलं.

मग तिने विचारलं, "बट काका, यू हॅव लिव्ह्ड हिअर, लाइक, फॉरेव्हर. डिडन्ट यू एव्हर लुक?"

हाच प्रश्न मी त्यांना गॅरेजमध्ये ओरडून विचारायला हवा होता आणि मला सुचला नव्हता. काका बाकावर बसले.

"तुझी कुमुदआजी होती ना, ती संकष्टीचा उपास करायची. महिन्यातून एकदा. दिवसभर जेवायचं नाही, चंद्र उगवला की मगच. मला काही पटायचं नाही ते. पण ती आत स्वयंपाक करायची आणि मी मागच्या अंगणात उभा राहायचो. इकडे ढग फार. चंद्राची नुसती कड दिसली, की मी ओरडायचो, 'आला गं!' आणि आत पळायचो. ती ताटं घ्यायची. दिवसभराची उपाशी असायची, चंद्र कसा आहे ते बघत कोण बसणार? आला, एवढं पुरायचं."

ईराने माझ्याकडे बघितलं. संकष्टी तिला माहीत नव्हती. मी हळूच तिला इंग्रजीत सांगितलं.

"आणि ती गेल्यावर," काका म्हणाले, "संध्याकाळचा मी बाहेर येतच नाही. दार लावून घेतो. आला, तर सांगायचं कोणाला?"

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. कुठलं औषध संपलं ते सांगावं तसं म्हटलं. इतकी वर्षं आमच्यामध्ये लाकडी फळ्यांचं एक कुंपण होतं आणि पलीकडे रोज संध्याकाळी एक दार बंद होत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

ईरा मात्र विचार करत होती. तिने शेवटी निकाल दिला.

"शी वॉज हंग्री," ती म्हणाली. "सो यू हॅड टू बी क्विक. दॅट्स ओके, काका."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. मग कानटोपी शोधायला म्हणून खाली वाकले.

शनिवारी गॅरेजचा दरवाजा वर गेला. ईरा सकाळीच फटीतून पसार झाली. संध्याकाळी आली ती म्हणाली, अंड्याचं कवच विरघळलं, पण का ते काका सांगत नाहीत, आणि तिला सोमवारी शाळेत लिहायचं होतं. मी तणतणत कुंपणापाशी गेले आणि काकांना चार शब्द सुनावले. त्यांनीही मला सुनावले.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि ईरा टेबलाशी चित्र काढत बसली होती. मागच्या अंगणातून काकांचा आवाज आला, "आला गं!" ईरा हातातलं टाकून पळाली. मी तवा उतरवून तिच्यामागे दारात गेले.

कुंपणावरून पलीकडचं दिसत होतं. काका अंगणाच्या मधोमध उभे होते आणि त्यांची पाठ आमच्याकडे होती. हाक त्यांनी आपल्याच घराच्या दिशेने, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून दिली होती. खिडकीत दिवा नव्हता. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग आमच्या बाजूला वळले आणि आवाज जरा चढवून पुन्हा म्हणाले, "आला गं, ईरा."